यादी

मंगळवारी पत्र आलं. डुलुथमध्ये उणे एकवीस,
टपालपेटीचं झाकण गोठलेलं.
वर्नानं ते कोपरानं उघडलं,
डोसच्या चौदाव्या दिवशी
बोटं तिचं ऐकत नाहीत.

एक जानेवारीपासून, पत्र म्हणतं,
आपलं औषध यादीत नाही.
त्याऐवजी त्याच्यासारखं मिळेल.
सारखं म्हणजे तेच नव्हे;
तोंडावळा तो, आडनाव वेगळं.

गंमत अशी, की दोन वर्षांपूर्वी
हेच सारखं तिनं आपणहून मागितलं होतं.
स्वस्त आहे ना, म्हणाली होती.
फोनवरची बाई गोड आवाजात:
ते यादीत नाही, मॅडम.
महागडंच घ्यावं लागेल.
कुणाचा कुणाशी करार,
कुणाला मागल्या दारानं सूट,
वर्नाला कोण सांगतो!

नऊ वर्षं निळ्या पेनानं
शाळेच्या बसचं चाक तिच्या हाती ठेवलं:
बावीस मुलं, सरोवराकडचा उतार, काळा बर्फ.
नवं पेन करडं.
फ्रिजमध्ये हेरिंगच्या बरणीला टेकून
दोन्ही पडून आहेत,
शेवटचं निळं, पहिलं करडं.

मांडीला कंपनी कळत नाही.
भीतीला मात्र वाचता येतं.

फेब्रुवारी. सहाला पाच कमी.
करड्याचा दुसरा डोस होऊन तीन दिवस झाले.
किल्ली फिरते. अंगठाही वळतो.
हे नव्याचं, की जुन्याची उरलेली पुण्याई,
विचारणार कुणाला?

पहिल्या थांब्यावर ओपल
एकच हातमोजा घालून उभी.
वर्ना दार उघडते,
या वेळी हातानं.