दोन्हीकडून स

शेठ म्हणाले, नाव तिथेच जाऊन कोर.
शिट्टी वाजली की वीस मिनिटांत बक्षीस समारंभ,
पाहुणे मंत्रालयातले.
म्हणून रुवीतल्या दुकानाचं शटर ओढलं,
मशीन, फडकं, दोन पितळी पट्ट्या पिशवीत घातल्या
आणि बौशरच्या हॉलमध्ये येऊन
गॅलरीखाली एका टेबलाशी बसलो.

नेटबॉल मी कधी बघितला नव्हता.
खांबाला कडी, कडीला जाळी,
आंबे उतरवायच्या झेल्यासारखी;
फरक इतकाच की इथे फळ खालून वर जातं.
मागे फळी नाही. चुकला तर चुकला,
चेंडू सरळ पलीकडे.
चौकीदार टंकबहादूर चार दिवसांत पंच झाला होता.
म्हणाला, हातात आला की पळायचं नाही,
एक पाय रोवायचा, फिरायचं,
आणि तीन सेकंदांत दुसरीला देऊन टाकायचा.
मला बारा वर्षं झाली मस्कतला.
मी काही बोललो नाही.

मुलींच्या छातीवर नावं नव्हती, जागा होत्या:
जीएस, डब्ल्यूए, जीके.
कुणी कुठल्या रेषेपुढे जायचं नाही
ते त्या दोन अक्षरांत.
माझ्या कार्डावरही आहे तसं: खोदकाम कारागीर.

अंतिम सामना श्रीलंका आणि सिंगापूर.
एक पट्टी विजेत्याची, एक उपविजेत्याची,
इंग्रजी डावीकडून, अरबी उजवीकडून.
तिसऱ्या डावात माझ्या डोक्यात उजेड पडला:
इंग्रजीत दोघींचा एस.
अरबीतही दोघींचा सीन.
मराठीत तेवढ्या त्या वेगळ्या, श्री आणि सिं,
पण मराठीत कोरायला मला इथे कोण सांगतंय.

म्हणून दोन्ही पट्ट्यांवर
दोन्ही टोकांना कोरून टाकलं.
मशीन किरकिरलं, पितळेची भुकटी उडाली,
समोरच्या बाईंनी चहावर हात धरला.
मध्ये चार बोटं कोरी जागा राहिली.
कुठली पट्टी कुणाची, अजून कुणालाच ठाऊक नाही,
तरी सुरुवात झालेली,
आणि चुकीची नाही.

बावन्न-बावन्न.
जादा वेळ. एकोणसाठ-एकोणसाठ.
आता म्हणे दोन गोलांनी पुढे जाईल ती.
श्रीलंकेची इरोशा नुसते हात उंच करते
आणि चेंडू ठेवल्यासारखा ठेवते.
सिंगापूरची ती बुटकी, केसांना हिरवी रिबन,
तिच्या बगलेखालून दोनदा चेंडू काढून गेली.
मी सुई घासत होतो. घासून घासून
टोकच निम्मं केलं.

एकसष्ट-एकोणसाठ.
श्रीलंका.
आर. आय. पलीकडून रे, ये.
सोळा मिनिटांत दोन्ही पट्ट्या चिकटवल्या,
तिसऱ्याच कुणीतरी त्या आत नेल्या.
टाळ्या भिंतीपलीकडून ऐकल्या.
हिरवी रिबन पायऱ्यांवर बसून
बर्फाची पिशवी गुडघ्याला लावत होती,
आणि बर्फ वितळून तिच्या बुटात जात होता.

मशीन आवरताना एक पोरगी आली,
यजमान संघाची, आठवा नंबर.
आठव्याला पट्टी नसते.
तिने स्टीलची पाण्याची बाटली पुढे केली.
बुसैना, म्हणाली, नाव नको.
आकडा टाका.
एकाहत्तर विरुद्ध नऊ हरलो पहिल्या दिवशी.
नऊ टाका. मोठा.
त्यातला एक माझा.

विचारलं, एकच टाकू का मग?
ती हसली. नाही, नऊच.
एकटीने कुठे जातो तो वर.

गोल बाटलीवर सुई घसरते.
नवाचं शेपूट जरा वाकडं गेलं.
शेठनी बिल विचारलं तर सांगेन,
सुई तपासून बघत होतो.