कडी

दरीच्या तोंडाशीच एल्स्पेथ म्हणाली,
"बोलू नकोस, चढ पुढे आहे."
आणि स्वतःच बोलत राहिली:
बर्चची साल, ओल्या नेच्यांचा वास,
कुठल्या दगडावरून टॉर्किल घसरला होता
एकोणऐंशी साली, टपालाच्या पिशवीसकट.

ओढा झाडांमागून ऐकू येत होता,
दिसत नव्हता.
ओकांच्या अंगावर शेवाळ,
मानेपर्यंत ओढून घेतलेलं.

मग झाडं संपली. एकदम.
वारा कानात शिरला.
तपकिरी हेदर, बुटांखाली पचपचणारं पीट,
आणि मधोमध एक लोखंडी फाटक.
कुंपण केव्हाच गेलेलं, दोन्हीकडे माळच माळ.

मी बाजूनं निघालो.
ती थांबली, कडी काढली,
पलीकडे आली, वळून कडी घातली.
"मेंढ्या तरी कुठे आहेत आता?"
"म्हणून काय उघडं टाकायचं?"

माथ्यावर दगडांचा ढीग,
थर्मासमधला चहा कोमट.
खाली लांब, समुद्राची एक चिंधी.
बिस्किट मोडून मोठा तुकडा तिनं मला दिला.

उतरताना ढग अंगावर आले.
फाटकाशी पोचलो तेव्हा
पुढे मी होतो.

कडी थंडगार.
गंजाचा तांबूस डाग
बस येईपर्यंत बोटांवर होता.