मिठाची डबी

मुहर्रकच्या गोदामात ऑगस्टमध्ये गूळ पाझरतो.
शफिउल म्हणतो, रडतो.
कराडच्या ढेपी कागद भिजवून
काँक्रीटवर चिकट तळी करतात
आणि मुंग्या येतात रांगेने,
त्यांना व्हिसा लागत नाही.

हाजी मक्की दारात उभा राहून हवा हुंगतो : रुतूबा.
चौकटीला त्याच्या आजोबांच्या गलबताचा दोर टांगलाय,
खाली शिशाचा गोळा.
हवा ओलावली की दोर आखडतो, गोळा वर चढतो.
भिंतीवर कोळशाची रेघ आहे :
इथवर आला की हवा सुकवायचं मशीन लावा.
पण रात्री दोराकडे बघायला कुणी नसतं
आणि समुद्र आत येतो तो रात्रीच.

म्हणून गुळाच्या खोक्याची आतली बाजू पसरून
मी सर्किट काढलं.
इस्लामपूरचं आयटीआय सुटल्याला वीस वर्षं झाली,
पट्टी नव्हती, पासपोर्टच्या कडेने रेघा मारल्या.

सेन्सर पांढरा, जाळीचा, अर्ध्या काडेपेटीएवढा.
चार पाय.
पहिल्याला पाच व्होल्ट, चौथा ग्राउंडला,
दुसऱ्यातून तो बोलतो.
तिसरा कशालाच जोडायचा नाही.
मग दिलाय कशाला? शफिउलने विचारलं.
आपल्या खोलीत चौथी कॉट आहे ना, मी म्हटलं, तसाच.

पहिल्या नि दुसऱ्या पायात एक रेझिस्टर :
तपकिरी, काळा, नारिंगी. दहा हजार ओहम.
कुणी बोलत नसतं तेव्हाही
त्याने तार वर उचलून धरायची.
नाहीतर ती अधांतरी लोंबते
आणि अधांतरी तारेला काहीही ऐकू येतं.
घरचा फोन दोन दिवस आला नाही
की मलाही येतं.

बोर्ड पेटवला. एक्क्याण्णव.
एवढी? मी आणखी वाकलो. चौऱ्याण्णव.
मग लक्षात आलं,
तो माझा श्वास मोजत होता.
मागे सरकलो. थांबलो.
दर दोन सेकंदांनी एकदाच विचारायचं त्याला,
घाई केली तर मागचंच उत्तर पुढे करतो.
त्र्याऐंशी.

हाजी म्हणाला, खोटं बोलत नाही कशावरून?

तेव्हा मिठाची डबी केली.
चमचाभर मीठ, पाण्याचे थेंब,
ओल्या वाळूइतपत, विरघळून जाईल इतकं नाही.
सेन्सर आत लटकवला, मिठाला न टेकता,
वायरीभोवती कणीक लावून झाकण लिंपलं.
बंद डबीतल्या ओल्या मिठावरची हवा
कुठेही पंचाहत्तरच भरते,
कराडात काय, इथे काय.
दिवसभर ठेवला. एकोणऐंशी दाखवत राहिला.
चार जास्त. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली : वजा चार.

आता हा मिठाला जागेल, मी हाजीला म्हटलं,
हिंदीत, थोडं अरबीत, उरलेलं हातांनी.
त्याला कळलं.
आमच्यात भाकरी आणि मीठ म्हणतात, तो म्हणाला,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
(असं शफिउल सांगतो, तो इथे सहा वर्षं आहे)
चहा स्वतः ओतला.

पासष्टच्या वर गेला की बझर, अशी बोली होती.
तिसऱ्या रात्री दोन चाळीसला वाजला.
चप्पल न घालता धावलो, फरशी अजून कोरडी,
मशीन लावलं,
मग सहज टॉर्च दारावर मारला.
गोळा कोळशाच्या रेघेच्या वर होता,
बोटभर.
कधीपासून, कोण सांगणार.

पहाटे बोर्ड लॅपटॉपला जोडला,
पासष्ट खोडून बासष्ट केले.
दुसऱ्या रात्री दोरासमोर स्टूल टाकून बसलो.
गोळा रेघेला आला,
आणि मी दहा मोजायच्या आत
बझर.

हाजीला सांगितलं नाही.
मुंग्या अजून येतात.