टिकतं

पो नदीच्या बांधावर सकाळी कुणी नसतं.
एक बगळा, पंपघराचं थंड धुराडं,
मी, माझा नातू तुल्लियो,
आणि निळी सायकल, जिला तो
'चार-सात-सात-एक' म्हणतो,
कारण तिच्या सांगाड्यावर तेच कोरलंय.

पाठीला हात लावायचा नाही.
खांद्याला नाही. दंडाला तर नाहीच.
जगातली पोरं सायकल शिकतात
ती कुणीतरी मागून सीट धरून ठेवतं म्हणून.
याला धरलेली सीट कळते,
आपल्याला मानेवरची फुंकर कळते तशी.
तो उतरतो. सायकल पडते.
तो तिला उचलत नाही,
तिच्या शेजारी आडवा होतो
आणि दोघं आभाळाकडे बघत राहतात.

एप्रिलभर त्यानं ती उलटीच ठेवली, शीर्षासनात.
हातानं पायडल फिरवायचा, सोडून द्यायचा,
आणि मागचं चाक बोलायला लागायचं:
टिक्टिक्टिक्टिक्, मग टिक् टिक्,
मग टिक्.
शेवटची ऐकून झाली की "संपलं" म्हणायचा.
पुन्हा पायडल.
इवाना, माझी लेक, दारात उभी राहून म्हणाली,
"बाबा, हे काही शिकणं नव्हे."
मी गप्प.

एकतीस वर्षं मी पंपघरात काढली.
आमचा मुलूख समुद्राच्याही खाली;
पंप थांबले तर भाताच्या खाचरांत पुन्हा मासे.
रात्रपाळीला मी डोळे मिटून सांगायचो,
तीन नंबरचं बेअरिंग कोरडं पडलंय.
साहेब यायचे, काटे बघायचे, ठीक आहे म्हणायचे.
दोन दिवसांनी ते जळायचं.
बायको म्हणायची, माझ्यापेक्षा त्या लोखंडाचं
जास्त ऐकतोस तू.
खरं होतं ते. आता ती नाही, म्हणून कबूल करतो.

डॉक्टरीणबाईंनी फाइलवर एक शब्द लिहिलाय: स्वमग्न.
मी तो उलटसुलट करून पाहिला.
त्यातला 'स्व' मला पोरात कुठे सापडला नाही.
मग्न, हो.

मे महिन्यातला मंगळवार
(सायकल फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी).
बांधावरून होड्यांच्या धक्क्याकडे जो उतार जातो
तिथे मी स्वतः बसलो चार-सात-सात-एकवर,
गुडघे हनुवटीला, वय एकाहत्तर.
तीन पायडल मारले. पाय थांबवले.
टिक्टिक्टिक्टिक्टिक्टिक्
माझ्या खालून, सगळ्या उतारभर.
तो मागून पळत आला, कान चाकाशी, तोंड लाल.
म्हणाला,
"इथे जास्त टिकतं."

मी उतरलो. तो बसला.
मी माझे हात पाठीमागे
एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले.

सहा वेळा पडला.
उतारावर कधी नाही, नेहमी खाली, सपाटीवर,
शेवटच्या टिकेपाशी,
कारण ती पुरती ऐकल्याशिवाय
पाय हलवणं त्याला बेइमानी वाटायची.
"संपलं," म्हणायचा, आणि मग कलंडायचा.
ढोपरातून रक्त. त्याचं त्याला काही नाही.

मी म्हटलं, तुल्लियो, असं करू.
शेवटची टिक माझ्याकडे ठेव, मी ऐकेन.
तू तिच्या आधीच तीन पायडल मार.
तो माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे
खूप वेळ बघत राहिला. बोलतो तेव्हा तिथेच बघतो.
"शेवटची तुझी," तो म्हणाला.
"माझी."
"सगळ्या शेवटच्या."
"सगळ्या."

मग गेला. तीन पायडल, ऐकणं,
तीन पायडल, ऐकणं,
धक्का मागे पडला, पंपघर मागे पडलं,
बगळा उडाला, आणि याचं लक्षही नाही.
मी मागे धावलो, माझ्यानं होईल तेवढं.
ब्रेक शिकवायचा राहिलाय हे तेव्हा आठवलं.

इवानाचा फोन: जमलं का?
मी फोन बांधाकडे धरला.
"काही ऐकू येत नाही, बाबा."
थांब जरा, म्हटलं.
लांब आहे अजून.