चिखलसदनिका

सुनावणी अकराची होती.
साडेबाराला साहेब आले.
मी इतिवृत्त लिहिणारा, माझं टेबल पंख्याखाली,
म्हणून कागदांवर नेरुळच्या त्या हॉलमधले
चार स्टीलचे पेले.

अहवाल सातशे बारा पानांचा, इंग्रजीत.
मराठी सारांश अकरा पानांचा,
त्यातलं एक कोरं.

आधी कंपनीचा तरुण बोलला. चांगला बोलला.
पडद्यावरची खाडी निळी होती,
इतकी निळी की सारसोळ्याहून आलेल्यांनी
माना तिरक्या करून पाहिलं,
ही कुणाची म्हणून.
रस्ता झाला की बावीस मिनिटं वाचतील.
मी लिहिलं: बावीस मिनिटे.

मग पामबीचकडच्या कर्णिकबाई.
हातात रोहित पक्ष्यांचे फोटो, तारीखवार लावलेले,
आणि घसा बसलेला.
तुमच्या खिडकीतल्या पक्ष्यांसाठी
आम्ही सिग्नलला सडायचं काय, असं मागून कुणी ओरडलं.
तो कोपरखैरण्याचा टेम्पोवाला,
शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा.
त्याचंही काही चुकत नव्हतं.
मी लिहिलं: सभागृहात मतमतांतरे.

तेवढ्यात कुणीतरी सारांशाचं सातवं पान मोठ्यानं वाचलं:
"बाधित क्षेत्रात चौदा हेक्टर चिखलसदनिका."

हॉल खदखदून हसला.
मडफ्लॅटचं असं मराठी करणारा
बिचारा कुठल्या भाड्याच्या खोलीत राहत असेल!
साहेब हसले, कंपनीचा तरुण हसला,
कर्णिकबाई आणि टेम्पोवाला
एकमेकांकडे बघून हसले.
अख्ख्या दिवसात एकमत झालं ते एवढंच.

हसली नाही ती द्वारकी नाखवा.
माइक नको म्हणाली.
"बराबर लिवलंय.
निवटीचं घर हाय तिथं. दोन दारांचं.
एका दारान हात घातला का दुसऱ्या दारान पलते.
म्हनून आमी आधी दुसरं दार शोधतो,
त्याच्यावर पाय देतो,
मंग हात घालतो."

थांबली.
साहेबांकडे नाही पाहिलं तिनं.
टेबलाखालच्या बुटांकडे पाहिलं,
कर्णिकबाईंच्या सँडलकडे,
टेम्पोवाल्याच्या स्लिपरकडे,
माझ्याकडे.
मी पाय खुर्चीखाली घेतले.

साहेब म्हणाले, म्हणजे ही हरकत समजायची की सूचना?

"तां तुमी ठरवा. मी घर सांगितलं."

हरकतींचा एक रकाना, सूचनांचा एक.
मधे रेघ.
पेन रेघेवर इतका वेळ टेकलं
की शाईचा डाग पडला, निवटीच्या डोळ्याएवढा.

मी सीवूड्सला राहतो, सातव्या मजल्यावर.
एकच दार. त्याला जाळी, जाळीला कडी, कडीला कुलूप.
इमारतीच्या जुन्या कागदांत
आमच्या जमिनीला म्हटलंय, पडीक.
उधाणाच्या रात्री लिफ्टच्या खड्ड्यात पाणी चढतं,
मुलगा विचारतो, बाबा, हे कुठून येतं?
मी म्हणतो, गटार तुंबलंय.
आणि तो ऐकतो माझं,
अजून त्या वयाचा आहे.

मसुदा तीन दिवसांनी परत आला.
सातव्या पानाच्या उल्लेखापाशी तांबडी खूण:
मुद्रणदोष. "चिखलसदनिका" ऐवजी
"दलदलीची मोकळी जागा" असे वाचावे.

दलदल लिहिलं. जागा लिहिलं.
मोकळी लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.
शिपाई महादू दोनदा फाइल न्यायला आला,
दोनदा चहा ठेवून गेला.

बेलापूरच्या आमच्या खिडकीतून
खाडीचा हातभर तुकडा दिसतो.
भांगाचे दिवस होते.
पाणी धड आत येत नव्हतं,
धड बाहेर जात नव्हतं.