घराआधीचा ‘द’

दूध संपलंय, एवढंच मी म्हणाले
किटली हातात धरून,
आणि ग्लेनिसबाईंना गुरुवारचा धडा सापडला.

ग्रिम्सबी. मासळीच्या गोदामामागचं मेथडिस्ट चर्च,
त्याचं सभागृह, सात खुर्च्या,
एक हीटर, जो फक्त स्वतःपुरता तापतो.
फळ्यावर निळ्या मार्करने: रन आउट ऑफ.

तोरयाले उसळलाच. बोट वर. आउट!
जलालाबादला तो सलामीला जायचा,
त्याला वाटलं, एक तरी धडा आपल्या ओळखीचा निघाला.
नाही, बाई म्हणाल्या, इथे कोणी बाद नाही.
काहीतरी होतं, वापरलं, आता उरलं नाही.
पुढे नाम लावा.

राइमोंदासने पेट्रोल लावलं.
शिलानने साखर, मग डायपर, मग पुन्हा साखर.
बाईंनी पदरचे घातले: वेळ, धीर, श्वास, नशीब.
मी कप विसळत ऐकत होते.
आमच्याकडे दूध संपतं, वेळ सरते, धीर सुटतो,
दम लागतो, नशीब फिरतं;
प्रत्येक नामाचा संसार वेगळा.
इथे एकच क्रियापद शेपटीला दोन शब्द बांधून
दारोदार हिंडतं
आणि कोणी त्याला हाकलत नाही.

म्हणजे, हाकलतात कधी कधी.
राइमोंदास म्हणाला, आय रॅन आउट ऑफ वाइफ.
हशा पिकला.
बाई हसता हसता मध्येच थांबल्या,
बोटातली सैल अंगठी फिरवत म्हणाल्या,
बायकोला नाही चालत. नवऱ्यालाही नाही.
साठ्यात असतं तेच संपतं.
एकुलतं एक असेल तर ते जातं,
संपत नाही.

लेतेब्रहानची पाळी शेवटी.
तिने आधी वही मिटली.
आय रन आउट ऑफ हाउस.

मार्कर हवेतच राहिला.
द हाउस? बाईंनी विचारलं, हळू,
कारण ‘द’ घातला की ते दुसरंच वाक्य:
घराला दार येतं, दारातून एक बाई बाहेर धावते,
रात्र असते, बहुधा पायात काही नसतं.
आणि ‘द’ काढला की घर दुधासारखं,
काल थोडं होतं,
आज पातेल्याच्या तळाला चिकटलेली साय.

लेतेब्रहान बोटं मोजू लागली.
अस्मारा, हाउस. खार्तूम, हाउस, स्मॉल.
कॅले, नो हाउस, टेंट.
हल, हाउस, थ्री मंथ.
मग तळहात पालथा केला. फिनिश.

साठा होता तर.

बाईंनी फळ्यावर ‘द’ लिहिला,
हाताने पुसला,
पुन्हा लिहिला, पण इतका बारीक
की मागच्या खुर्चीवरून तो डाग वाटावा.
निळा झालेला तळवा त्यांनी स्कर्टला पुसला
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
चूक की बरोबर, ते सांगितलं नाही.
तोरयालेला मात्र निकाल हवाच होता.
मिस, शी इज आउट ऑर नॉट आउट?
खिडकीबाहेर सीगल ओरडत होते,
सगळे एकदम, कुणीच पंच नसल्यासारखे.

मी दुधाला बाहेर पडले.
कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलेलं,
आतून नुसते दुकानदाराचे बूट दिसत होते.
मी वाकले.
सॉरी लव्ह, बूट म्हणाले, वी हॅव रन आउट.

कशाचं, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

चहा काळाच प्यालो त्या दिवशी.
लेतेब्रहानने साखर चार चमचे घेतली,
शिलान डब्याकडे बघत राहिली.