निशाणी बांगडी

पुतण्याला वंशावळ हवी होती,
नव्या फ्लॅटच्या भिंतीवर चौकटीत लावायला.
मला निवृत्त होऊन तीन महिने झालेले,
दुपारी लांबच लांब.
म्हणून लष्करातून टेम्पोनं जात राहिलो
ग्वाल्हेरच्या दफ्तरखान्यात, रोज, डबा घेऊन.

कुशवाहजींनी पहिल्या दिवशी विचारलं,
"जमीन का मामला है?"
म्हटलं, नाही, माणसांचा.
ते हसले आणि शिडीवर चढले.

लाल खारव्याचा बस्ता. गाठ अशी,
की बांधणाऱ्याला परत यायचंच नव्हतं.

मोडी मला येत नाही. खांडवेकर मास्तर यायचे,
एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेले,
त्या डोळ्यानं वाचत, दुसऱ्यानं माझ्याकडे बघत.
"आबाजी बिन रायाजी. रायाजी बिन हैबती."
बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.
आमच्या गल्लीतल्या हिंदीत बिन म्हणजे वाचून.
आबाजी, रायाजीवाचून.
रायाजी, हैबतीवाचून.
मी वहीत खालून वर रेघा ओढत गेलो.
घरात सांगतात, घोड्यांबरोबर आलो आपण, पागेत होतो.
पागेचा कागद सापडेना.
सापडला तो खटला.

संवत एकोणीसशे एकोणचाळीस.
वादी, साळूबाई कोम तुळाजी.
प्रतिवादी, आबाजी बिन रायाजी.
मास्तर थांबले. "हा तुमचाच ना?"
माझाच. खापरपणजा.

साळूबाई हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.
तुळाजी ऐकला होता, "लहानपणीच गेला" एवढाच.
लहानपणी गेलेल्याची बायको
दरमहा चार रुपये मागत होती,
वर्षाला दोन लुगडी,
आणि माहेरचा हंडा, तांब्याचा, नग एक.

आबाजीचा जबाब दीड ओळीचा.
बाई आमची कोणी नव्हे.
हंडा घरचा आहे.

खाली तिची सही. सही म्हणजे एक वाटोळं,
शेजारी कारकुनाच्या अक्षरात,
ही निशाणी बांगडी साळूबाईची.
"कुणब्याचा नांगर असतो, शिंप्याची कात्री,"
मास्तर म्हणाले, "बाईमाणसाची बांगडी."
तुळाजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
हात मोकळे होते तिचे.
वाटोळंही पुरतं मिटलेलं नाही,
एका जागी टाक उचललेला.

निकालाचं पान नाही.
भोक आहे, दोरा आहे, पान नाही.

नकलेचा अर्ज भरायला घेतला.
रकाना सातवा, पक्षकाराशी नाते.
पेन नुसतं धरून बसलो.
"कुछ भी लिख दो साहब," कुशवाहजी म्हणाले,
"कोई पढ़ता नहीं."
लिहिलं, देणेकरी.
मग खोडलं.
खोडलेल्याशेजारी सही केली, तसा नियम आहे.

आमच्या गॅलरीत एक हंडा आहे,
बूड काळं पडलेला, कोरफड लावलेला.
कुणाचा, असं विचारलं की आई म्हणायची, घरचा.
कोरफड उपटून बाजूला ठेवली,
चिंच-मीठ घेऊन काठ घासत बसलो
दिवेलागणीपासून जेवणापर्यंत.
ठोक्यांनी पाडलेला एक 'सा' निघाला.
पुढे पोचा आहे.
सारजा होती आमच्यात, साऊ होती.
पुरावा म्हणून हे टिकणार नाही.

पुतण्याचा फोन आला, झालं का काका?
म्हटलं, एक रेघ राहिलीय,
कुठून ओढायची ते बघतोय.

बायको दारात उभी,
ओंजळीत मातीचा गड्डा, मुळांसकट,
बोटांतून माती गळतेय.
"आणि आता ही लावायची कशात?"